गटाबरोबर युकुलेली वाजवता येते, एकटीने वाजवताना मात्र लय तुटते

नवशिकी

सर्वांना नमस्कार. पाच महिन्यांपूर्वी मी युकुलेली, म्हणजे गिटारसारखे छोटे चार तारांचे वाद्य, शिकू लागले. यापूर्वी मी कोणतेही वाद्य वाजवलेले नव्हते. माझे वाद्य कॉन्सर्ट आकाराचे आहे आणि तारा नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे जी, सी, ई, ए अशा लावलेल्या आहेत. प्रत्यक्ष शिक्षक मिळाला नाही म्हणून मी एका ऑनलाइन गटात सामील झाले. आठवड्यातून दोनदा तासभर आम्ही व्हिडिओ कॉलवर जमतो. संचालन करणारे सदस्य वाजवतात आणि गातात, पडद्यावर गीताचे शब्द आणि त्यांच्यावर कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजवायच्या स्वरसमूहांची, नावे सरकत राहतात, आणि आम्ही पंचवीस-तीस जण आपापले माइक बंद ठेवून त्यांच्याबरोबर वाजवतो.

तिसऱ्या महिन्यात मला पूर्ण गीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत गटाबरोबर वाजवता येऊ लागले आणि आपली प्रगती चांगली होत आहे असे मला मनापासून वाटले. मागच्या आठवड्यात मात्र, तेच गीत, ज्यात सी, ए मायनर, एफ आणि जी सेव्हन एवढ्या चारच कॉर्ड आहेत, मी पडदा बंद करून एकटीने वाजवायला घेतले आणि पहिले कडवेसुद्धा पूर्ण करू शकले नाही. कॉर्ड बदलताना हात थांबतो, थांबल्याची भरपाई म्हणून पुढे मी घाई करते, आणि चार ओळींनंतर मूळ गती कोणती होती हेच आठवत नाही. त्यानंतरच्या बैठकीत संचालकांनी माझा माइक थोडा वेळ सुरू केला, तेव्हा माझा आवाज तुटक येतो आणि मध्येच नाहीसा होतो असे त्यांनी सांगितले. तो दोष माझ्या वादनाचा आहे की अन्य कशाचा, हे मला ठरवता आले नाही.

मला विचारायचे आहे ते असे. गटाबरोबर वाजवण्याची सवय माझ्या शिकण्याला मारक ठरत आहे का, आणि तसे असेल तर काही काळ गट सोडून एकटीने सराव करणे योग्य ठरेल का? या गटातील माणसे मला फार आवडतात, म्हणून सोडण्याचा विचार जड जातो. पण पाच महिन्यांत आपण नेमके काय शिकलो, हा प्रश्नही स्वस्थ बसू देत नाही.

मध्यलय

आपण वर्णन केलेली अडचण मी अनेक सदस्यांमध्ये पाहिली आहे, कारण गेली काही वर्षे मी स्वतः अशाच एका ऑनलाइन गटाचे संचालन करतो. गट सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र गटाबरोबर वाजवताना आपल्याला जी मदत नकळत मिळते, ती कोणती आहे हे आधी समजून घ्यावे लागेल.

माइक बंद ठेवण्याचे कारण शिस्त हे नसून विलंब हे आहे. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे एकाच खोलीत तीन मीटरवर बसलेल्या साथीदाराचा सूर नऊ मिलिसेकंदांत आपल्या कानावर येतो आणि तो विलंब कोणालाही जाणवत नाही. पंचवीस-तीस मिलिसेकंदांपर्यंत वादक सांभाळून घेऊ शकतात, त्यापुढे प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहू लागतो आणि लय ओढली जाते. नेहमीच्या व्हिडिओ कॉलमध्ये एका दिशेचा विलंब सहज दीडशे मिलिसेकंद होतो. गीताची गती मिनिटाला शंभर मात्रा धरली, तर एक मात्रा सहाशे मिलिसेकंदांची झाली. संचालकांचा आवाज आपल्याकडे दीडशे मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आपण त्याच्याशी तंतोतंत जुळवून वाजवता, आणि आपला आवाज त्यांच्याकडे परत जाण्यास आणखी दीडशे मिलिसेकंद लागतात. एकूण तीनशे, म्हणजे बरोबर अर्धी मात्रा. आपण अगदी समेवर असलात तरी त्यांना आपला स्ट्रोक दोन मात्रांच्या मधोमध ऐकू येणार. तीस जणांचे असे तीस वेगवेगळे विलंब एकत्र आले, तर कोणालाच वाजवता येणार नाही.

यावर उपाय आहेतच. जामुलस आणि जॅकट्रिप या प्रणाली विलंब कमीत कमी राहावा यासाठीच तयार केलेल्या आहेत. परंतु त्यांचा खरा लाभ मिळण्यासाठी वायरची इंटरनेट जोडणी, चांगला ऑडिओ इंटरफेस (वाद्याचा आवाज संगणकात घेणारे उपकरण) आणि एकमेकांपासून फार दूर नसलेले सदस्य लागतात, आणि नवशिक्यांच्या गटात हे तिन्ही एकत्र क्वचितच असते. म्हणून बहुतेक गट एकाचाच आवाज सर्वांना ऐकवण्याची साधी पद्धत वापरतात.

या पद्धतीची एक बाजू मात्र कोणी नव्या सदस्याला समजावून सांगत नाही, आणि मीसुद्धा सुरुवातीची दोन वर्षे ती सांगितली नाही याची मला खंत आहे. अशा बैठकीत आपल्याला कोणीही ऐकत नाही, आणि आपण स्वतःलाही ऐकत नाही. लय संचालकांकडून येते, कोणती कॉर्ड कधी घ्यायची हे पडदा सांगतो, आणि आपला हात अर्धी मात्रा थांबला तरी तेवढ्यात त्यांचे वादन ती पोकळी भरून काढते. आपले कान त्यांचा पूर्ण आवाज ऐकतात आणि मन त्याला आपला समजते. आपण पाच महिन्यांत काहीच शिकला नाहीत असा याचा अर्थ नाही. चार कॉर्ड बोटांना ठाऊक झाल्या आहेत, गीताची बांधणी कळली आहे, चुकल्यावर पुढच्या ओळीला पुन्हा सामील होण्याची सवय लागली आहे, आणि ही शेवटची सवय अनेक चांगल्या एकल वादकांनाही नसते. जे राहिले आहे ते म्हणजे लय स्वतःच्या आत धरणे.

त्यासाठी मी असे सुचवेन की गटाचा आधार एकदम काढू नये, एकेक करून काढावा. प्रथम पडदा झाका, आवाज राहू द्या. एका आठवड्याने, गीत सुरू असताना आवाज दोन ओळींसाठी पूर्ण बंद करा, मनात मात्रा मोजत वाजवत राहा आणि पुन्हा आवाज सुरू करून आपण कुठे आहात ते पाहा. पहिल्या वेळी आपण बहुधा पुढे निघून गेलेल्या असाल. हा एकच प्रयोग मी आमच्या गटात प्रत्येकाला करायला लावतो, कारण आपण घाई करतो की रेंगाळतो हे त्यातून जितक्या स्वच्छपणे कळते तितके कोणाच्या सांगण्यावरून कळत नाही.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट ही, की गटाला आपले वादन ऐकवायला हवे. बैठकीत ते शक्य नसले, तरी ध्वनिमुद्रण पाठवणे शक्य आहे. तीस-चाळीस सेकंदांचा, एकाच कडव्याचा तुकडा पुरेसा आहे. तो पाठवताना ‘कसे झाले’ असे विचारू नका, कारण त्यावर ‘फार छान’ याखेरीज उत्तर येत नाही. ‘एफवरून जी सेव्हनवर जाताना लय तुटते का’ असे विचारा, म्हणजे ऐकणारा नेमके तेच ऐकेल.

आपला आवाज तुटक येण्याचा दोष बहुतांशी आपला नाही. व्हिडिओ कॉलच्या प्रणाली माणसाचे बोलणे स्वच्छ ऐकू यावे यासाठी रचलेल्या असतात. तारेचा लांबत जाणारा झंकार त्यांना पार्श्वभूमीतील गोंगाट वाटतो आणि त्या तो कापून टाकतात. बऱ्याच प्रणालींमध्ये मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याची किंवा गोंगाट कमी करण्याची सोय बंद ठेवण्याची निवड असते, ती करून पाहा. सुराच्या गुणवत्तेबद्दल कोणाचे मत हवे असेल, तर ते कॉलवर कधीही विचारू नका. फोनवर मुद्रित करून ती फाइल पाठवा.

बोटांचे वळण

मध्यलय यांनी लयीबद्दल जे लिहिले आहे ते मला पूर्ण मान्य आहे, पण हात थांबतो त्यामागे डाव्या हाताचेही काही कारण असते, म्हणून तेवढ्यापुरते लिहिते.

आपल्या चार कॉर्ड जी, सी, ई, ए या क्रमाने अंकांत लिहून पाहू. शून्य म्हणजे मोकळी तार आणि अंक म्हणजे तार ज्या फ्रेटमागे, म्हणजे मानेवरील आडव्या पट्टीमागे, दाबायची त्याचा क्रमांक. सी म्हणजे ०००३, ए मायनर २०००, एफ २०१० आणि जी सेव्हन ०२१२. नवशिके प्रत्येक कॉर्डला स्वतंत्र चित्र समजतात, त्यामुळे प्रत्येक बदलाच्या वेळी सगळी बोटे उचलतात आणि नव्याने ठेवतात. प्रत्यक्षात ए मायनरसाठी मधले बोट जी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर असतेच. एफसाठी ते हलवायचे नसते, फक्त तर्जनी ई तारेच्या पहिल्या फ्रेटवर ठेवायची असते. एफवरून जी सेव्हनवर जाताना तर्जनी तिथेच राहते, मधले बोट शेजारच्या सी तारेवर सरकते आणि अनामिका ए तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर येते. तिथून पुन्हा सीवर येताना अनामिका ए तारेवरून न उचलता एक फ्रेट पुढे सरकवली आणि बाकीची दोन बोटे सोडली की झाले. या संपूर्ण फेऱ्यात सी ते ए मायनर हा एकच बदल असा आहे, ज्यात जुने बोट आधाराला राहत नाही. म्हणून आपला हात कोणत्या बदलावर थांबतो ते पाहा. एफ ते जी सेव्हनवर थांबत असेल, तर आपण तर्जनी विनाकारण उचलत आहात असे मी जवळजवळ खात्रीने सांगू शकेन.

सरावासाठी पूर्ण गीत वाजवू नका. फक्त एफ आणि जी सेव्हन, प्रत्येकी चार मात्रा, मेट्रोनोम (ठरावीक गतीने ठोके देणारे साधन) मिनिटाला साठवर किंवा त्याहूनही कमी ठेवून, तीन मिनिटे वाजवा. उजवा हात कोणत्याही परिस्थितीत थांबता कामा नये. डाव्या हाताची बोटे वेळेवर पोहोचली नाहीत तर मोकळ्या तारांवर स्ट्रोक पडू द्या. युकुलेलीत याची भीती बाळगण्याचे कारण नाही, कारण सी हा षड्ज धरला तर मोकळ्या तारा प, सा, ग, ध अशा होतात, आणि त्यातला पंचम मंद्रातला नसून मध्य सप्तकातलाच असतो. म्हणजे सा, ग, प, ध हे एकाच सप्तकातले चार स्वर झाले. रिषभ तेवढा मिळाला असता तर भूप रागाचे सगळे स्वर मोकळ्या तारांवरच मिळाले असते. असा स्वरसमूह अर्ध्या मात्रेपुरता वाजला तर कानाला खटकत नाही. कित्येक अनुभवी वादक तर आवर्तनाच्या अखेरच्या, खालून वर जाणाऱ्या स्ट्रोकवर डावा हात जाणूनबुजून मोकळा करतात आणि तेवढ्या अवकाशात पुढची कॉर्ड घेतात. हे समजले त्या दिवशी माझ्या हातातला ताण निम्मा झाला.

आणखी एक गोष्ट. तारा नायलॉनच्या किंवा फ्लुओरोकार्बनच्या असतात, त्या मऊ असतात आणि फार जोर दिला तर सूर चढतो. बोट फ्रेटच्या अगदी लगत मागे ठेवले तर थोडा दाबही पुरतो. तारा नव्या असतील तर त्या कित्येक दिवस ताणल्या जात राहतात आणि सतत उतरतात, म्हणून मुद्रणापूर्वी दर वेळी ए तार ४४० हर्ट्झशी जुळवून बाकीच्या तपासून घ्या.

खर्ज

माझे मत थोडे वेगळे आहे. ध्वनिमुद्रण करून ते तीस जणांना पाठवावे, हा सल्ला प्रत्येकाला मानवेलच असे नाही. मला तो मानवला नाही. लाल खूण दिसली की माझी बोटे आखडत, एकच कडवे मी पंधरा-पंधरा वेळा मुद्रित करून पुसून टाकत असे, आणि दोन महिने त्या धास्तीने मी वाद्यच कमी वाजवले. मोठ्या गटातले तिघे-चौघे वेगळे निघून, एकमेकांनाच तुकडे पाठवू लागलो तेव्हा ते जमले. चौघांत कोणाचेच वादन बिनचूक नसते आणि त्यामुळे पाठवायला संकोच वाटत नाही. शिवाय दुसऱ्याच्या मुद्रणात लय कुठे तुटते हे शोधता शोधता स्वतःच्या वादनातली तीच जागा ऐकू येऊ लागते, हा लाभ मला अपेक्षित नव्हता.

हे वाद्य समूहात शिकण्याचा इतिहास पाहिला तरी हेच दिसते. १८७९ साली मदेरा बेटावरून हवाईतील होनोलुलूला आलेल्या पोर्तुगीज स्थलांतरितांबरोबर जे छोटे चार तारांचे वाद्य आले, त्यापासून युकुलेली घडली आणि हवाईचा राजा कालाकौआ याच्या आश्रयामुळे ती दरबारातील सोहळ्यांपर्यंत पोहोचली. पुढे १९६० च्या दशकात कॅनडात, हॅलिफॅक्सच्या शाळांमध्ये संगीतशिक्षक चाल्मर्स डोन यांनी पूर्ण वर्गाला युकुलेली शिकवण्याची पद्धत रुजवली. त्यांनी मुलांना केवळ कॉर्ड झंकारायला न लावता स्वरलेखन वाचायला आणि एकेका तारेवर चाल वाजवायला शिकवले. आमच्या ऑनलाइन बैठकांमध्ये नेमके हेच राहून जाते असे मला वाटते. चाल वाजवताना प्रत्येक स्वर आपला आपल्यालाच काढावा लागतो, आणि तो चुकला तर संचालकांच्या आवाजाआड लपत नाही. तेव्हा आपल्या गीताच्या पहिल्या दोन ओळींची चाल तारांवर शोधून काढा, असे मी आग्रहाने सुचवेन. लय आत धरण्याचा याहून चांगला सराव मला ठाऊक नाही.

जाता जाता एक सावधगिरी. कॅनडात रूढ असलेल्या शिक्षणसाहित्यात तारा ए, डी, एफ शार्प, बी अशा, म्हणजे एक पूर्ण स्वर वर लावलेल्या असतात. त्या साहित्यातील ०००३ ही आकृती डी कॉर्ड म्हणून छापलेली असते. बॅरिटोन युकुलेलीच्या तारा डी, जी, बी, ई असतात आणि तिथे तीच आकृती जी ठरते. गटात नवे कागद आले की प्रथम तारा कोणत्या धरल्या आहेत ते पाहावे.

नवशिकी

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. चार आठवड्यांनंतर लिहीत आहे, कारण केल्याशिवाय उत्तर देणे मला योग्य वाटले नाही.

आवाज दोन ओळींसाठी बंद करण्याचा प्रयोग मी पहिल्याच दिवशी केला आणि मी पूर्ण एक मात्रा पुढे निघून गेले होते. आपण थांबतो म्हणून मागे पडत असू, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात सोप्या जागी, म्हणजे सी कॉर्ड लांबवर चालते तिथे, मी घाई करत होते आणि अवघड जागी थांबून ती घाई फेडत होते. हे मला पाच महिने कळले नव्हते.

तर्जनीबद्दलचे निदान अचूक ठरले. एफवरून जी सेव्हनवर जाताना मी तिन्ही बोटे उचलत होते. ती एक सवय मोडायला अकरा दिवस लागले, रोज तीन मिनिटे. सी ते ए मायनर हा बदल अजूनही कच्चा आहे, पण आता तिथे मी मोकळ्या तारांवर स्ट्रोक पडू देते आणि उजवा हात थांबत नाही.

गटातल्या तिघींना मी विचारले आणि आम्ही चौघी आता दर रविवारी एकमेकींना एकच कडवे पाठवतो. पहिल्या आठवड्यात माझे मुद्रण ऐकून एकीने लिहिले की सी कॉर्डवर वरचा सूर चढलेला वाटतो. मी ए तार अनामिकेने इतकी दाबत होते की ती खेचली जात होती. बैठकीत हे कोणाच्याही लक्षात येणे शक्य नव्हते. कॉलमधील गोंगाट कमी करण्याची सोय बंद केल्यावर संचालकांना माझा आवाज अखंड ऐकू आला, म्हणजे तेवढा दोष तरी माझा नव्हता.

खर्ज यांनी सांगितल्याप्रमाणे चाल शोधण्याचे काम मात्र मला सर्वांत कठीण गेले आणि सर्वांत आवडलेही. एक शंका उरली आहे. चाल खाली उतरते तिथे मला सी तारेच्या खालचे स्वर लागतात आणि ते माझ्या वाद्यावर नाहीत. यासाठी दुसरे वाद्य घ्यावे लागेल का?

खर्ज

दुसरे वाद्य घेण्याची आवश्यकता नाही. आपली ‘जी’ तार मध्य सप्तकातली आहे, म्हणून सी हाच आपल्या वाद्याचा सर्वांत खालचा स्वर आहे. जी तारेच्या जागी तिच्याच नावाची, एक सप्तक खालची तार लावता येते आणि त्या तारेला लो जी म्हणतात. कॉर्डच्या आकृत्या त्याच राहतात, फक्त खाली पाच अर्धस्वर अधिक मिळतात. ही तार जाड असते, म्हणून तिच्यासाठी नटमधील (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीतील) खाच थोडी रुंद करावी लागू शकते, ते जाणकाराकडून करून घ्यावे. पण सध्या तीसुद्धा बदलू नका. पूर्ण चाल पाच अर्धस्वर वर उचलून घ्या आणि कॉर्डही तितक्याच उचला: सी, ए मायनर, एफ, जी सेव्हन यांच्या जागी एफ, डी मायनर, बी फ्लॅट, सी सेव्हन येतील. बी फ्लॅट म्हणजे ३२११, आणि त्यात तर्जनीने दोन तारा एकदम दाबाव्या लागतात. रविवारी आपल्या तिघी मैत्रिणींना पाठवण्यासाठी पुढचे कडवे तेच ठेवा.